फुकटचा घाम

हे वाचून कुणाला धीर आला तर येऊ दे, पण मी त्यासाठी लिहीत नाहीये. मी चिडलोय म्हणून लिहितोय. मला टीबी झाला होता. हा शब्द मराठीत छापून आला की कॉव्हेंट्रीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या निम्म्या घरांत कुणीतरी मासिक पटकन पालथं घालणार, हे मला ठाऊक आहे. खुशाल घाला. मी पुढे लिहितोच आहे.

मी जॉकी आहे. सपाट मैदानावर पळणाऱ्या घोड्यांचा नाही, उड्या मारणाऱ्या घोड्यांचा. तीन मैल, वीसेक कुंपणं, गुडघाभर चिखल, आणि आम्ही पळतो तेव्हा शेजारच्या रस्त्याने एक अँब्युलन्सही पळत असते. नऊ वर्षांचा होतो तेव्हा पुण्याहून आई-बाबांबरोबर इथे आलो. शाळेच्या ट्रिपमध्ये पहिल्यांदा घोड्याला हात लावला आणि सोळाव्या वर्षी शाळा सोडून एका ट्रेनरकडे लीद काढायला लागलो. बाबा फार्मसिस्ट, त्यांना मी डॉक्टर व्हायला हवा होतो. वेइंग रूममध्ये, म्हणजे जॉकी लोक कपडे बदलतात आणि वजन देतात त्या खोलीत, मला सगळे 'डॉक' म्हणतात, कारण ब्राऊन माणूस घोड्यावर बसलाय यापेक्षा तो डॉक्टर आहे हे त्यांना पटकन पटतं. दोन वर्षांपूर्वी मी चॅम्पियन झालो, म्हणजे त्या सीझनमध्ये सगळ्यात जास्त रेसेस मी जिंकल्या. तरी डॉक तो डॉकच. बाबांनी ते पाहिलं नाही, आधीच गेले. आईने पाहिलं आणि म्हणाली, "छान झालं हं. आता सोडशील ना?"

घाम

माझी उंची पाच फूट अकरा इंच. जॉकीच्या दृष्टीने हाच मोठा आजार. खोगीर हातात धरून काट्यावर उभं राहायचं आणि सगळं मिळून साडेदहा-अकरा स्टोन भरायला हवं. स्टोन म्हणजे चौदा पाउंड, सहा किलोंहून थोडं जास्त, तुम्हीच हिशोब करा. म्हणून मी रोज सकाळी कढत पाण्याने टब भरायचो, सोसेल तेवढा वेळ त्यात बसायचो आणि बाहेर येऊन टॉवेलमध्ये गुंडाळून घाम गाळत पडायचो. मग रेसला जाताना गाडीत स्वेटसूट, खिडक्या बंद, हीटर फुल. गाडी माझी आणि बिलीची. बिली पण जॉकी, माझा हाउसमेट, माझ्याहून चांगला चार इंच बुटका. त्याला घाम गाळायची काहीच गरज नव्हती, पण माझ्यामुळे तोही उकडून निघायचा आणि वाटभर मला शिव्या घालायचा.

त्या हिवाळ्यात घाम आपणहून यायला लागला. झोपेत. उशी पिळून काढावी इतका. सकाळी काट्यावर उभा राहिलो की वजन उतरलेलं, टब न भरता. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू. बिलीला म्हटलं, "फुकटचा घाम आहे, मेहनत नाही काही नाही." तो म्हणाला, "मला पण दे ना थोडा."

वेइंग रूममध्ये बारीक होत चाललेल्या माणसाला कुणी "बरं आहे ना रे?" असं विचारत नाही. "काय खातोस?" विचारतात. मोठमोठे जॉकी माझ्याकडे येऊन डाएट विचारून गेले. ट्रेनर म्हणाला, जे काय करतोयस ते आता सोडू नकोस. खोकला होता, पण तबेल्यात कोण खोकत नाही, सगळीकडे गवताची धूळ. थकवा होता, पण जानेवारीत कोण थकत नाही. इतकी माणसं माझ्या बरगड्या बघत होती आणि सगळ्यांना त्या आवडत होत्या. त्या सगळ्यांवर माझा अजून राग आहे. त्यांना सांगूनही झालंय.

आणि त्यात पर्ल. पर्ल ही आमच्या ट्रेनरची तांबडी घोडी, छोटीशी, एक कान फाटलेला, जवळ येईल त्याला चावणारी. आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. एप्रिलमधल्या मोठ्या रेससाठी तिला तयार करत होते. आमच्या रेसेसमध्ये चांगल्या घोड्यावर, जॉकी आणि खोगीर धरून, जास्त वजन लादतात आणि बेताच्या घोड्यावर कमी. पर्ल किती चांगली आहे हे अजून जगाला कळलं नव्हतं, म्हणून तिच्यावर फक्त दहा स्टोन चार पाउंड येणार होतं. एरवी ते वजन मला झेपलंच नसतं. या वर्षी सहज झेपत होतं. पर्लवर एप्रिलमध्ये मी बसायचं, हे ठरलेलं होतं. मला आयुष्यात एवढी एक गोष्ट हवी होती, दुसरी काही नाही.

कुठला दात?

जानेवारीत मिडलँड्समधल्या एका रेसकोर्सवर रेस जिंकून परत येत होतो. खोकला आला, हात तोंडावर धरला आणि विजारीला पुसला. आमच्या विजारी पांढऱ्या असतात. त्यावर रक्त दिसणं म्हणजे काहीच नाही, कुणाचा ओठ फुटतो, कुणाचं नाक. कपडे धुणारा माणूस तेवढा वैतागतो. पण त्या दिवशी कोर्सची डॉक्टर समोर उभी होती. स्कॉटिश, माझ्याहून लहान.

"कुठला दात?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"तोंड उघड."

तिने टॉर्च मारून पाहिलं. दात सगळे जागच्या जागी. जीभ ठीक, ओठ ठीक. मी म्हटलं, नाकातून आलं असेल. तिने नाकही पाहिलं. मग म्हणाली, "तू पडला नाहीस, तुला कुठे लागलेलं नाही, मग हे आलं कुठून?" एक्स-रे होईपर्यंत तिने मला घोड्यावर बसायची बंदी केली. मी तिला जे बोललो ते मराठीत नीट उतरणार नाही. त्या बाईमुळे मी जिवंत आहे आणि अजून तिला थँक यू म्हटलेलं नाही. इथे म्हणतो. तिला मराठी येत नाही, ते बरंच आहे.

नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढला. मग थुंकी तपासली. डॉक्टर परत आला तेव्हा त्याने मास्क लावला होता. जाताना नव्हता. त्याने काही बोलायच्या आत मला कळलं की काहीतरी बोंबललंय.

"वजन किती उतरलंय गेल्या काही महिन्यांत?"

"दीड स्टोन." मी अभिमानाने सांगितलं. सवय.

"मुद्दाम उतरवलंस?"

त्यातलं किती मी उतरवलं होतं आणि किती जंतूंनी, कोण सांगणार. मला वाटत होतं ही माझी शिस्त, माझी जिद्द, चॅम्पियन उगाच झालो का वगैरे. आणि ती जिद्दबिद्द काही नव्हतीच, माझं फुफ्फुस कुरतडलं जात होतं. टीबी झाला याचं दुःख नंतर झालं. आधी याचं झालं.

मी विचारलं, "एप्रिलमध्ये बसता येईल का घोड्यावर?"

तो म्हणाला, "आधी एप्रिल बघू."

बंद खोली

दोन दारांच्या खोलीत एकट्याला ठेवलं. एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. जेवणाचा ट्रे ठेवायला येणारा माणूस श्वास रोखून यायचा, हे त्याच्या डोळ्यांवरून दिसायचं. मूठभर गोळ्या उपाशीपोटी. लघवी नारिंगी होते, घाबरू नका, हे मला आधी कुणी नीट सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. डोळ्यांतलं पाणीसुद्धा नारिंगी होतं. मी ते उशीवर पाहिलंय.

टीबीची नर्स मॉरीन, आयरिश, साठीच्या आसपासची. तिला रेसिंगमधलं सगळं कळायचं आणि ती ते लपवत नसे. पहिल्याच दिवशी म्हणाली, "ओळखते मी तुला. तुझ्यामुळे माझे पैसे बुडालेत." ती रोज सकाळी वजनकाटा ढकलत आणायची. मी सवयीने श्वास सोडून, खांदे पाडून हलका उभा राहायचो. आकडा वाढला की ती खूश आणि मी सुतक असल्यासारखा. आकडा वाढला नाही की उलट. पौष्टिक म्हणून दिलेली दुधाची बाटली मी बेसिनमध्ये ओतायचो.

एक दिवस तिने ते पाहिलं. ओरडली नाही. काटा भिंतीला लावला आणि म्हणाली, "त्या घोडीला काय फरक पडतो रे, तुझी राख ठेवली काय पाठीवर आणि तू बसलास काय. राख हलकी पण असते." मला तिचा भयंकर राग आला. दुसऱ्या दिवशीपासून बाटली प्यायला लागलो, ते तिच्यासमोर, तिच्या डोळ्याला डोळा भिडवून. बाटली अगदीच घाण चवीची होती.

आमच्यात माणसं पडतात

आई कॉव्हेंट्रीहून रोज यायची. मास्क लावून, डबे घेऊन. एक दिवस डबा उघडता उघडता म्हणाली, "मी सांगितलंय, तू घोड्यावरून पडलास म्हणून."

"कुणाला?"

"पाटणकर वहिनींना."

म्हणजे सगळ्यांना. पाटणकर काकू आमच्या मंडळाच्या सेक्रेटरी.

"आई, मी ऑक्टोबरपासून एकदाही पडलेलो नाहीये."

"मग काय झालं? जॉकी पडतातच की."

"बाकीचे पडतात. न पडण्यावर माझं पोट आहे. टीबी सांगायला काय जातंय तुझं?"

तिने पोळी भाजीसकट डब्यात परत ठेवली. "लोक भांडी वेगळी करतात रोहन. घरी यायचे बंद होतात. तू लहान होतास, तुला काय माहीत." मग खालच्या आवाजात, जणू मॉरीनला मराठी कळतं, "उद्या कुणी मुलगी देईल का तुला?"

मी चौतीस वर्षांचा आहे. आतापर्यंत कुणी दिली नव्हती ती माझ्या स्वभावामुळे, फुफ्फुसामुळे नाही. तसं म्हटल्यावर आई रडली आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलो. आजारपणात घरचे आधार देतात असं लोक लिहितात. देत असतील. आमच्याकडे आम्ही भांडलो.

संसर्गाचा धोका संपल्यावर मला कॉव्हेंट्रीला तिच्याकडे सोडलं. गोळ्या सहा महिने चालणार होत्या. घरी आलो त्याच आठवड्यात पाटणकर काकू बेसनाचे लाडू घेऊन हजर. आईने मला आधीच बजावलं होतं, पाय स्टुलावर ठेव. मी ठेवला. काकूंनी विचारलं, "कुठला पाय?" आई म्हणाली डावा. स्टुलावर उजवा होता. काकूंनी पायाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "जपा हो. आमचे हे मागे जिन्यावरून पडले होते ना, सहा महिने घरात होते." मला ते आठवत होतं. तेव्हा त्यांनी कुणालाही घरात घेतलं नव्हतं. दोन लाडू खाऊन त्या गेल्या, मीही दोन खाल्ले, आणि ते बरे लागले याचासुद्धा मला राग आला.

बिली

माझ्याबरोबर राहणाऱ्या, बसणाऱ्या सगळ्यांची तपासणी झाली. वेइंग रूममधले बाकी सगळे सुटले. बिली अडकला. आजार झालेला नव्हता, पण जंतू अंगात शिरून झोपलेले होते. त्याला तीन महिने गोळ्या. घोड्यावर बसायला हरकत नाही, दारू मात्र बंद.

तो भेटायला आला. आमच्या हॉलमध्ये बूट काढून, मोज्यांनी कार्पेट उकरत बसला.

"ती गाडी," तो म्हणाला. "खिडक्या बंद करून तू खोकायचास आणि मी तुझ्या बाजूला."

"सॉरी."

"सॉरी काय कामाचं. बियर बंद आहे माझी." मग म्हणाला, "डॉक, ट्रेनर म्हणाला, तुला जमलं नाही तर पर्लवर मी."

मी त्याला घराबाहेर हो म्हटलं. तो उठला नाही.

"कुणीतरी बसणारच ना तिच्यावर," तो म्हणाला. "मी नाही तर कुणी तरी तिसरा. तुला तिसरा चालेल?"

नाही चालणार, हे त्याला माहीत होतं. आईने त्याला चहा दिला, नेहमीच्याच कपात, आणि कप धुऊन परत त्याच फळीवर ठेवला. तो कप कुठला हे मी बघत होतो. तिने मुद्दाम तसं केलं असेल किंवा नसेल, मी विचारलं नाही.

टब

मार्चअखेर डॉक्टरने सांगितलं, फुफ्फुस सुधारतंय, बस घोड्यावर. पण एक अट. आत्ताचं वजन खाली जाता कामा नये, एक पाउंडसुद्धा नाही. गेलं तर परवानगी रद्द. शरीर आत्ता कुठे उभं राहतंय, या गोळ्यांचा लिव्हरवर ताण येतो, त्यात पाणी काढलंस तर कोसळशील. मी मान हलवली. माझं वजन तेव्हा पर्लच्या आकड्यापेक्षा अर्धा स्टोन जास्त होतं.

रेसच्या तीन दिवस आधी सकाळी ट्रेनरचा फोन आला. "दहा-चार करशील का? आज संध्याकाळपर्यंत सांग, नाहीतर बिलीचं नाव देतो." मी म्हटलं, करतो.

आईच्या घरातला टब भरला, फक्त गरम पाण्याचा नळ उघडून. दाराला आतून कडी लावली आणि बसलो. कातडी लाल झाली, कानात ढोल वाजायला लागले, पण घाम येईना. रात्र-रात्र उशा भिजवणारं हेच अंग. आता बरं झालं होतं आणि मागूनसुद्धा घाम देत नव्हतं. आणखी गरम पाणी सोडलं. समोरच्या फरशा हलायला लागल्या.

"रोहन, बाहेर ये," दाराबाहेरून आई.

"जा तू."

"डॉक्टर काय म्हणाले मला माहितीये. बाहेर ये."

"आई, मला हा एक घोडा हवाय. एकच. त्यानंतर सोडतो म्हणशील तर सोडतो."

मग फोनची रिंग ऐकू आली. तिने स्पीकर लावला होता, मला ऐकू यावं म्हणून.

"अहो वहिनी, मी बोलतेय. एक सांगायचं होतं. आमचा रोहन घोड्यावरून पडला नव्हता. त्याला टीबी झालाय. हो, टीबी. औषधं चालू आहेत. मी खोटं सांगितलं तुम्हाला. आणि आता तो न्हाणीघरात कडी लावून बसलाय आणि बाहेर येत नाहीये आणि मला काही सुचत नाहीये."

मी नळ बंद केला. मला वाटलं काकूंनी फोन ठेवला.

मग काकू म्हणाल्या, "तरीच पाय बदलत होता."

"हो," आई म्हणाली.

"आमचे हे काय जिन्यावरून पडले होते होय? आमच्या घराला जिनाच नाही, बैठा बंगलो आहे. एवढी माणसं दारात येऊन चौकशी करून गेली, एकालाही सुचलं नाही विचारायचं." "त्याला म्हणावं बाहेर ये. मी लाडू घेऊन निघालेय."

मी उभा राहिलो. डोळ्यांसमोर अंधारी आली, टॉवेलच्या दांडीला धरलं, कडी काढली. आई दारात बसली होती, मांडीवर फोन. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता तुझ्या त्या ट्रेनरला फोन कर. मी केला ना माझा?"

मी केला. म्हटलं, दहा-चार जमणार नाही. तो म्हणाला, ओके. अठरा वर्षांची नोकरी आणि एक ओके. मग मी आईच्या शेजारी जमिनीवर बसून रडलो. टॉवेलवर नारिंगी डाग पडले, ते अजून गेलेले नाहीत.

पर्ल

पर्ल जिंकली. बिली तिच्यावर. रेस मी आईच्या सोफ्यावर बसून पाहिली, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला पाटणकर काकू. शेवटच्या कुंपणाशी मी मनात तिला पड म्हटलं. तिला नाही, बिलीला. मित्राच्या विजयाने डोळे भरून आले वगैरे ज्यांना लिहायचं त्यांनी लिहावं. मी उठून किचनमध्ये गेलो आणि उभ्याउभ्या ताटभर वरणभात खाल्ला.

पण घोडी जिंकली की जगाला कळतं ती किती चांगली आहे, आणि मग पुढच्या वेळी तिच्यावर जास्त वजन लादतात. हे मला तेव्हा रागात सुचलं नाही. ऑक्टोबरमध्ये, माझ्या गोळ्या संपून छाती स्वच्छ झाल्यावर, पर्लवर अकरा स्टोन चार पाउंड आलं. बिली इतका हलका की तेवढं भरायला खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालाव्या लागल्या असत्या, आणि आमच्या ट्रेनरला असं मेलेलं वजन आवडत नाही, जिवंत माणसाचं हवं असतं. मी खोगीर हातात घेऊन काट्यावर उभा राहिलो. सकाळी नाश्ता करून. अकरा-चार, बरोबर.

बिली बाकावरून म्हणाला, "जा, तुझं ढुंगण शेवटी कामाला आलं." तेवढंच.

तिसऱ्या कुंपणाशी पर्लने पाय उशिरा उचलला, ती कोसळली आणि मी तिच्या मानेवरून पुढे गेलो. ती लगेच उठली, धड, आणि मोकळीच पळाली. मी ओल्या गवतात पडून बोटं हलवून पाहिली. कॉलरबोनचं हाड मोडलं होतं. श्वास घेतला, खोलवर, छातीच्या तळापर्यंत, आणि तो तिथवर पोचला. अँब्युलन्सवाल्याला वाटलं मी कण्हतोय. मी हसत होतो, पण त्याने दुखत होतं म्हणून थांबलो.

हॉस्पिटलमधून आईला फोन लावला. तिने सगळं ऐकलं, कुठलं हाड, डावं की उजवं, हे दोनदा विचारून घेतलं. मग फोन बंद करायला विसरली. मला पलीकडून दुसऱ्या फोनची रिंग ऐकू आली, आणि मग तिचा आवाज. इतका खूश आवाज मी चॅम्पियन झालो तेव्हासुद्धा ऐकला नव्हता.

"अहो वहिनी, आमचा रोहन पडला. नाही नाही, खरंच पडला हो या वेळी. घोड्यावरून."